पालवी फुटली, पण मुळांचे काय? हलवलेल्या झाडाची पहिली दोन वर्षे

रस्तारुंदीकरणात, मेट्रोच्या कामात किंवा इमारतीच्या पुनर्विकासात आड येणारे झाड तोडण्याऐवजी मुळांसह उचलून दुसरीकडे लावणे आता महाराष्ट्रातल्या शहरांत नवलाचे राहिलेले नाही. मुंबईत आरे येथील मेट्रो कारशेडसाठी २०१९ मध्ये वृक्ष प्राधिकरणाने जी मंजुरी दिली, तीत २,१८५ झाडे तोडण्याबरोबरच ४६१ झाडांच्या पुनर्रोपणाचाही समावेश होता. हलवलेल्या झाडाच्या छाटलेल्या फांद्यांवर काही आठवड्यांत कोवळी पालवी दिसू लागते, झाड जगले असे सर्वांना वाटते, आणि बहुतेक वेळा नेमके तेव्हाच त्याच्याकडचे लक्ष कमी होते. पुढच्या उन्हाळ्यात ते झाड वाळले, की दोष उन्हाला दिला जातो. मात्र ती पहिली पालवी खोडात आणि जाड मुळांत आधीपासून साठवलेल्या पिष्टमय पदार्थांच्या जोरावर फुटलेली असते. नव्या मातीत मुळे गेली आहेत की नाहीत, याविषयी ती काहीच सांगत नाही.

झाडाची मुळे जमिनीत खूप खोल जातात अशी आपली समजूत असते. वास्तविक पाणी आणि अन्नद्रव्ये शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दोन फुटांच्या थरातच असतात आणि ती आडवी, फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर पसरलेली असतात. झाड उचलताना खोडाभोवती मातीची जी हुंडी बांधली जाते, तिचा व्यास खोडाच्या व्यासाच्या १० ते १२ पट असावा असा संकेत आहे. म्हणजे २० सेंटिमीटर जाडीच्या खोडासाठी हुंडी दोन मीटर किंवा त्याहून अधिक रुंद आणि काही टन वजनाची होते. एवढी मोठी हुंडी काढली तरीही शोषक मुळांपैकी बऱ्याचदा १० टक्क्यांच्या आसपासच मुळे तिच्यात येतात. उरलेली जुन्या जागीच तुटून राहतात. क्रेनच्या सोयीसाठी हुंडी लहान केली, की हा वाटा आणखी घटतो.

यालाच मुळांचा धक्का म्हणतात, आणि तो मुख्यतः पाण्याचा तुटवडा असतो. पानांतून बाष्प बाहेर पडत राहते, खोडातल्या जलवाहिन्यांमधला पाण्याचा स्तंभ वर ओढला जातो, पण खालून पुरवठा करणारी मुळेच कमी झालेली असतात. कोरड्या मातीतल्या मुळांकडून अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक पानांपर्यंत पोहोचते आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मिटू लागतात. त्यामुळे पाणी वाचते, पण कर्बवायू आत येणेही थांबते आणि नवी मुळे घडवण्यासाठी लागणारी साखर कमी पडते. ताण फारच वाढला तर जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरून त्या निकामी होतात. आधी पानांच्या कडा करपतात, मग शेंड्याकडून फांद्या वाळत खाली येतात.

नवी मुळे तुटलेल्या मुळांच्या टोकांजवळून, म्हणजेच हुंडीच्या कडेवरून फुटतात. म्हणून पाणी कोठे द्यायचे, हा प्रश्न किती द्यायचे याइतकाच महत्त्वाचा आहे. हुंडीतल्या मोजक्या मुळांवर सगळ्या झाडाचा भार असल्यामुळे ती भोवतालच्या मातीपेक्षा पुष्कळ लवकर कोरडी पडते. भोवतीची माती ओली दिसत असतानाही हुंडी आतून सुकलेली असू शकते. आळे हुंडीच्या घेरापेक्षा थोडेच मोठे करावे, पाणी हुंडीवरच सावकाश मुरू द्यावे आणि कडेबाहेरची माती दमट राहील एवढे ते पसरू द्यावे. खोडाच्या दर इंच जाडीमागे एका वेळी सुमारे ८ ते १२ लिटर पाणी हा ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. पहिले काही आठवडे जवळजवळ रोज, नंतर एक-दोन महिने दिवसाआड आणि पुढे आठवड्यातून एकदा, असे अंतर वाढवत न्यावे.

हा हिशेब मात्र माती पाहूनच लावावा लागतो, आणि येथे शेतकऱ्याचा वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, हा शब्द कोणत्याही वेळापत्रकापेक्षा अधिक कामाचा आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या पोकळ्यांत दोन्ही नांदत असतील तेव्हाच नवी मुळे वाढतात. काळ्या चिकण मातीत रोज पाणी भरले तर पोकळ्या भरून मुळे गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांना पाणी शोषता येत नसल्याने झाड पाण्यात उभे राहूनही माना टाकते. ते पाहून आणखी पाणी घातले जाते. उलट हीच माती उन्हाळ्यात भेगाळली की नुकतीच फुटलेली कोवळी मुळे तुटतात. वीतभर खोलीवरची मूठभर माती हातात घेऊन दाबून पाहावी: लगदा होत असेल तर थांबावे, भुगा होत असेल तर पाणी द्यावे. शहरातल्या पदपथाखाली दाबून बसवलेला मुरूम असतो. त्यात खोदलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरून राहतो. झाड आणण्यापूर्वीच खड्ड्यात पाणी ओतून ते दुसऱ्या दिवसापर्यंत झिरपते का हे तपासले, तर पुढचे अनेक प्रश्न टळतात.

खोलीबाबतची चूक नंतर सुधारता येत नाही. खोड जेथे रुंद होऊन मुळांत उतरते तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. झाड डुलू नये म्हणून ते खोल गाडले, की मुळांचा हवेशी संबंध तुटतो आणि बुंध्याची साल कुजते. आळ्यात पालापाचोळ्याचे दोन-चार इंच आच्छादन जरूर घालावे, पण बुंध्याला ते टेकू देऊ नये.

छाटणीविषयी मतभेद आहेत, आणि माझा कल कमी छाटणीकडे आहे. पाने कमी केली की पाण्याची मागणी घटते हे खरे. पण कोवळ्या पानांतून आणि कळ्यांतून खाली येणारे ऑक्झिन हे संप्रेरकच नव्या मुळांना चालना देते आणि मुळांचे अन्नही पानेच बनवतात. वड, पिंपळ, उंबर, पांगारा यांच्या जाड फांद्यांनाही मुळे फुटत असल्याने ही झाडे कठोर छाटणी सोसतात. आंब्यासारख्या झाडाला तोच न्याय लावून नुसता खुंट ठेवला, तर त्याच्यापाशी पुन्हा उभे राहण्याचे साधनच उरत नाही. मोडक्या, वाळक्या आणि एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढून बाकीच्या ठेवाव्यात. छाटणीनंतर जे खोड उघडे पडते, त्याला चुना किंवा गोणपाट लावल्यास साल भाजत नाही.

रासायनिक खताची घाई तर अजिबात करू नये. खताच्या क्षारांमुळे तहानलेल्या मुळांना मातीतून पाणी ओढणे अधिक जड जाते आणि नत्रामुळे पाने वाढतात, ज्यांना पुरवायला मुळे नसतात. पहिल्या वर्षी पाणी आणि आच्छादन पुरते. आधाराच्या दोऱ्या सैल आणि खोडाच्या खालच्या भागात बांधाव्यात. वाऱ्यावर थोडे हलल्यानेच खोड जाड होते. वर्षभराने दोऱ्या सोडाव्यात, नाहीतर त्या सालीत रुततात.

झाड सावरायला किती काळ लागतो? शिकागोजवळच्या मॉर्टन वृक्षोद्यानातील गॅरी वॉटसन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की तिथल्या थंड हवेत खोडाच्या दर इंच जाडीमागे सुमारे एक वर्ष लागते. फ्लोरिडाच्या उष्ण हवेत पाणी नियमित दिले तर दर इंचामागे तीन-चार महिने पुरतात. म्हणजे आठ इंची खोडाला एका ठिकाणी आठ वर्षे, तर दुसरीकडे दोन-अडीच. आपल्याकडे माती वर्षभर उबदार असते, पण ऑक्टोबरनंतर जूनपर्यंत पाऊस जवळजवळ नसतो. त्यामुळे आपला वेग उष्णतेपेक्षा टँकरवर ठरतो. जून-जुलैत, दमट हवेत हलवलेल्या झाडाला सुरुवातीचे महिने सोपे जातात, आणि शक्य असेल तेथे काही महिने आधी भोवती चर खणून मुळे टप्प्याटप्प्याने कापली, तर हुंडीच्या आतच नवी मुळे तयार होतात. तरीही निदान दोन उन्हाळ्यांच्या पाण्याची तरतूद हलवण्याच्या खर्चातच धरायला हवी.

दरम्यान झाड निष्पर्ण झाले म्हणून ते मेले असे ठरवू नये. डहाळीची साल नखाने किंचित खरवडावी. खाली हिरवा ओलसर थर दिसला तर पाणी चालू ठेवावे. मुळे पसरल्याची खूण मात्र पानांच्या संख्येपेक्षा फांद्यांच्या लांबीत शोधावी. धक्क्यातल्या झाडाची पाने लहान राहतात आणि नवी वाढ आखूड, गुच्छासारखी येते. एका हंगामातली वाढ त्या जातीच्या शेजारच्या झाडांइतकी होऊ लागली आणि हुंडीबाहेरची माती हलकेच उकरल्यावर फिकट रंगाची ताजी मुळे दिसली, की आळे बाहेरच्या बाजूला रुंद करत पाण्याच्या पाळ्यांमधले अंतर वाढवायला हरकत नाही.