पार्श्वभूमी : गरीब घरातल्या विद्यार्थ्यावरचा प्रवेशाचा ताण आला कुठून?

बारावी आणि सीईटीचे (व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे) निकाल लागले की महाराष्ट्रातील अनेक गरीब घरांत गुणांपेक्षा दाखल्यांची आणि प्रवेशाच्या दिवशी भरायच्या रकमेची चिंता मोठी असते. मदत देणाऱ्या योजना आहेत, पण त्यांचे पैसे प्रवेशानंतर काही महिन्यांनी येतात. ही रीत कशी पडली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेड्यातून आलेल्या मुलापुढे मुख्य प्रश्न असे तो शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा. वार लावून, म्हणजे आठवड्यातल्या एकेका दिवशी एकेका घरी, जेवण्याची सोय होती, पण ती बहुतांशी ठरावीक जातींच्या मुलांपुरतीच. म्हणूनच राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करायला घेतली, याचे महत्त्व फार मोठे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ ही वाट रुजवली; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरत. आणि पुण्यात १९५५ मध्ये स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती आजही ग्रामीण विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय करते. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना उत्पन्नाच्या निकषावर ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) ही फी माफीची सवलत आली. अनुदानित महाविद्यालयांचे शुल्क तेव्हा मुळातच कमी असल्याने फी माफ होणे म्हणजे शिक्षणाची बरीचशी अडचण दूर होणे, असे समीकरण होते.

ते १९८३ नंतर बिघडले. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, परराज्यात जाणारी मुले इथेच शिकू लागली, आणि त्याचबरोबर देणगीची प्रथाही बोकाळली, इतकी की तिच्याविरुद्ध राज्याला कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात मोफत आणि सशुल्क अशा जागांची विभागणी घालून दिली. गुणवान पण गरीब मुलाला त्यामुळे खासगी महाविद्यालयातही कमी शुल्कात जागा मिळू शकत होती. २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ही योजना संपुष्टात आली. जागा स्वस्त राहिली नाही. तिची किंमत शासनाने मागाहून भरून द्यायची, असा प्रतिपूर्तीचा मार्ग त्यानंतर रूढ होत गेला. माझ्या मते आजच्या ताणाचे मूळ या वळणात आहे.

परीक्षाही स्थिर राहिल्या नाहीत. अभियांत्रिकीचे प्रवेश २०१४ आणि २०१५ मध्ये जेईई या देशपातळीवरील परीक्षेवरून झाले, २०१६ मध्ये पुन्हा राज्याच्या सीईटीवर आले. वैद्यकीय प्रवेशासाठी त्याच वर्षी नीट या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेबाबत ऐन हंगामात गोंधळ उडाला. क्लासची फी परवडणाऱ्याला असा बदल पेलतो. गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या सूचना फलकावर विसंबणाऱ्याचे मात्र वर्ष पणाला लागते.

आज हा विद्यार्थी जूनमध्ये सेतू केंद्रात, म्हणजे सरकारी दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात, रांगेत दिसतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेयर (उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला), जात पडताळणी, यांतला एक कागद मुदतीत आला नाही तर आरक्षित प्रवर्गातला उमेदवार खुल्या प्रवर्गात गणला जातो आणि शुल्काचा आकडाच बदलतो. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा (कॅप) महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा अर्ज भरताना तो शेवटी ‘टी’ अक्षर असलेले सांकेतांक शोधतो, कारण त्या जागांवर शिकवणी शुल्क माफ असते; पण त्या मंजूर जागांच्या पाच टक्केच असल्याने त्याच शाखेच्या खुल्या जागेहून त्यांचा कटऑफ पुष्कळदा वर जातो. म्हणजे ज्याला क्लास परवडला नाही, त्यानेच अधिक गुण आणायचे.

शिष्यवृत्तीचे अर्ज २०१८ पासून महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर आले आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागले, त्यामुळे मधली गळती कमी झाली. प्रतीक्षा मात्र संपली नाही, आणि महाविद्यालयांनी शिष्यवृत्तीची रक्कम विद्यार्थ्याकडून आधी मागू नये असे शासनाने वारंवार बजावूनही काही ठिकाणी ती मागितली जातेच. जुलै २०२४ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकवणी व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्याचा निर्णय झाला, जो मनापासून स्वागत करण्यासारखा आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गातल्या मुलाला मात्र राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिकवणी शुल्काची निम्मीच रक्कम मिळते; आणि खोलीचे भाडे व खानावळीचे पैसे बहीण-भाऊ दोघांनाही पहिल्याच महिन्यापासून मोजावे लागतात.