प्लेगच्या इंदुरात आलेला प्राध्यापक: पॅट्रिक गेडिस आणि कचऱ्याचा एक जुना विचार

इंदूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं ते २०१७ साली, आणि पुढे वर्षानुवर्षं ठरत राहिलं. म्हणून या शहराच्या कचऱ्याची गोष्ट बहुतेक जण तिथूनच सांगायला घेतात: कचरागाड्या, ओला-सुका वेगळा करणं, देवगुराडियाचा रिकामा झालेला कचरा डेपो. पण घाण, सांडपाणी आणि नगररचना यांचा एकत्र अभ्यास इंदुरात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. तो होळकर दरबारासाठी करणारे पॅट्रिक गेडिस पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. तरीही आपल्याकडे हे नाव अभ्यासकांपलीकडे फारसं पोहोचलेलं नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

गेडिस मूळचे वनस्पतीशास्त्राचे. जन्म १८५४, स्कॉटलंड. लंडनला जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलींच्या हाताखाली शिकले, पण पदवी कधी घेतली नाही. तरुणपणी मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर तासन् तास बसणं संपलं, आणि लक्ष सजीवांकडून त्यांच्या परिसराकडे, मग माणसांच्या वस्त्यांकडे वळलं. लग्नानंतर ते पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरोच्या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत राहायला गेले आणि शेजाऱ्यांना घेऊन तिथली घरं-अंगणं साफ करू लागले. डंडीच्या कॉलेजात १८८८ पासून ते वनस्पतीशास्त्र शिकवत होते. तिथलं काम उन्हाळ्याच्या सत्रापुरतं असल्याने उरलेलं वर्ष शहरांच्या अभ्यासाला मिळे.

भारतात ते १९१४ साली आले, मद्रासच्या गव्हर्नरांच्या बोलावण्यावरून. सोबत नगररचनेचं प्रदर्शन आणायचं होतं, पण नकाशे-चित्रं घेऊन येणारं जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवलं.

त्या वेळचा संदर्भ प्लेगचा होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दोन वर्षांत शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. गर्दीची वस्ती दिसली की पाडायची आणि सरळ रुंद रस्ता काढायचा, ही रीत मग इतर शहरांतही गेली. पाडलेल्या घरांतली माणसं शेजारच्या वस्तीत कोंबली जातात, म्हणजे रोगाला नवी जागा मिळते, हे गेडिस यांनी गावोगाव दाखवून दिलं. त्यांचा आग्रह असे: आधी पायी पाहणी, मग आराखडा. पडीक घर तेवढं काढा, तिथे झाड लावा, विहीर साफ करा, गल्ली होती तिथेच राहू द्या. ठाणे आणि वांद्रे इथल्या त्यांच्या १९१५ सालच्या अहवालांतही हीच दृष्टी आहे.

इंदुरात ते नकाशा घेऊन गल्ल्या हिंडू लागले तेव्हा लोक घाबरून मागे सरत. विचारल्यावर कळलं, हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब, अशी बोलवा होती. लोकांचं काय चुकलं? नकाशेवाला आला की पाठोपाठ घर पाडणारे येत, हा त्यांचा अनुभव होता. मग गेडिस यांनी महाराज तुकोजीराव होळकरांकडून दिवाळीच्या मिरवणुकीचा ताबा मागून घेतला आणि जाहीर केलं, की मिरवणूक ठरलेल्या वाटेने जाणार नाही, जो भाग सर्वांत स्वच्छ असेल तिथून जाईल. घरं धुतली गेली, रंगली, गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. त्यांच्यामागून नवे पांढरे कपडे घालून, झाडूंना फुलं बांधून सफाई कामगार चालले. तुळशीची रोपं वाटली गेली. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले.

ही मिरवणूक सांगायला रंगतदार आहे, पण मला त्यांचा १९१८ सालचा अहवाल जास्त महत्त्वाचा वाटतो. शहराची सगळी घाण महागड्या भुयारी गटारांतून नदीत नेऊन सोडायची, या विचाराला त्यात स्पष्ट विरोध आहे. जे मातीतून आलं ते मातीत जावं, वस्तीजवळच्या बागांना त्याचं खत मिळावं, सफाई कामगाराला माळी होता यावं, असं त्यांचं म्हणणं. खान आणि सरस्वती या इंदूरच्या नद्या पुढे सांडपाण्याने किती बरबटल्या हे पाहिलं की तो विरोध किती दूरदृष्टीचा होता ते कळतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हातून सुटली असं मला वाटतं. मैला बागेपर्यंत वाहून कोण नेणार? तीच माणसं, त्याच जातींची. झाडूला फुलं बांधल्याने एका दिवसाचा मान मिळाला, जन्माने माथी आलेलं काम सुटलं नाही. हाताने मैला वाहण्याविरुद्ध कायदा व्हायला १९९३ साल उजाडावं लागलं.

१९१९ ते १९२४ गेडिस मुंबईत शिकवत होते. पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना परदेशी शिक्षणासाठी त्यांनीच निवडलं, आणि त्यांच्यानंतर विभागाची धुरा घुर्यांकडे आली. गावोगाव पायी हिंडून पाहणी करण्याची सवय त्या विभागात किती उरली, हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे.

इंदुरात मात्र त्याच १९२४ साली इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आले आणि त्यांनी वनस्पती-संशोधनाची संस्था काढली. गेडिस यांच्याशी त्यांचा थेट धागा जोडायला नको. पण काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख थरांनी रचून, वरखाली करत, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची जी 'इंदूर पद्धत' जगभर गेली, ती इथेच घडली. त्यावरच्या १९३१ सालच्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या नावाशेजारी त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचं नाव आहे. हॉवर्ड परतल्यानंतर वाड आणि जॅक्सन यांनी हीच पद्धत शहराच्या कचऱ्याला आणि मैल्याला लावून पाहिली. इंदूर शहर, इंदूर रेसिडेन्सी (ब्रिटिश प्रतिनिधीचा तळ) आणि माळवा भिल्ल पलटणीची छावणी अशा तीन ठिकाणी ते काम चाललं, आणि त्याचा वृत्तांत १९३४ साली छापून आला.