शेतावरच्या टॅबलेटला स्वतःचं सिम हवं का?

ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये नवा टॅबलेट बसवला, नकाशा उघडला, आणि आपली जागा दाखवणारा निळा ठिपका भलत्याच शेतात जाऊन बसला. ट्रॅक्टर पुढे सरकतो, ठिपका जागचा हलत नाही. "नेट नाही ना, म्हणून," असं कुणीतरी म्हणतं. मग फोनचं हॉटस्पॉट चालू केलं जातं, तरी ठिपका ढिम्म. अशा वेळी दोष बहुधा नेटचा नसतो. त्या टॅबलेटमध्ये जीपीएसचा रिसीव्हरच नसतो.

जीपीएस आणि नेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा पक्कं झालं की सिमचा प्रश्न निम्मा सुटतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. रिसीव्हर ते फक्त ऐकतो. किमान चार उपग्रहांचे संकेत किती वेळात पोचले हे ताडून तो स्वतःची जागा काढतो. उलट तो काहीच पाठवत नाही, त्यामुळे त्याला ना टॉवर लागतो ना डेटा. नेटची मदत होते ती सुरुवातीच्या घटकेला. कोणता उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती त्याच्या संकेतातच असते, पण ती सेकंदाला अवघ्या ५० बिटांच्या गतीने झिरपते आणि दर ३० सेकंदांनी पुन्हा सुरू होते. तीच माहिती नेटवरून क्षणात उतरते. त्यामुळे ठिपका लवकर उमटतो, पण नेहमीच्या नेटने तो जास्त अचूक होत नाही.

खरेदी करताना फसगत होते ती इथे. काही टॅबलेटमध्ये उपग्रहांचा रिसीव्हर फक्त सिमच्या मॉडेलमध्येच दिलेला असतो. आयपॅडचं उदाहरण घ्या: केवळ वाय-फायच्या मॉडेलमध्ये जीपीएस नाही, सेल्युलर मॉडेलमध्ये आहे. ते जीपीएस सिम न घालताही चालतं. म्हणजे सिमचं मॉडेल घ्यावं आणि सिम घेऊच नये, हाही अगदी शहाणपणाचा निर्णय असू शकतो. दुसरी वाट म्हणजे ब्लूटूथने जोडायचा वेगळा रिसीव्हर. तो केबिनच्या टपावर उघड्या आकाशाखाली बसतो. पेरणीच्या किंवा फवारणीच्या ओळी धरायच्या असतील तर मी हाच पसंत करेन, कारण पत्र्याखालच्या टॅबलेटला आकाशाचा तुकडाच दिसत असतो.

आता डेटाकडे येऊ. यंत्र कुठून गेलं याची नोंद दर सेकंदाला एक ओळ, प्रत्येक ओळ १०० बाइट असं धरलं, तर दहा तासांच्या कामाची नोंद सुमारे ३.६ मेगाबाइट होते. पिकावरच्या किडीचा एक चांगला फोटो साधारण तेवढीच जागा घेतो. म्हणून "किती डेटा लागेल?" हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. विचारायचं ते असं: ही माहिती संध्याकाळी पोचली तर काही बिघडेल का? नकाशे घरच्या वाय-फायवर आधीच उतरवून ठेवता येतात. सेंटिनेल-२ उपग्रहांची पिकाची चित्रं साधारण पाच दिवसांनी नवी येतात, ती बांधावर उभं राहूनच बघायला हवीत असं काही नाही. दिवसभराची नोंद टॅबलेटमध्ये साठते आणि घरी आल्यावर वर चढते, फक्त ॲप नेटशिवाय चालणारं हवं. आणि ट्रॅक्टर व पेरणीयंत्र एकमेकांशी आयसोबसने, म्हणजे शेतीयंत्रं जोडण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, बोलत असतील, तर ते बोलणं तारेतून होतं. नेटचा तिथे संबंधच नाही.

उशीर अजिबात न चालणारी कामं थोडी आहेत. त्यांतलं सर्वांत अटीचं काम आरटीकेचं. यात जागा अचूक माहीत असलेलं एक स्थिर केंद्र उपग्रहांच्या संकेतांतली चूक सतत मोजतं आणि दुरुस्ती पाठवत राहतं. त्यामुळे काही मीटरची चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. ही दुरुस्ती डेटा म्हणून किरकोळ असते, पण ती अखंड यावी लागते. ती शिळी झाली की अचूकता घसरते आणि ओळ वाकते. मात्र सिम घेण्याआधी ती कुठून येते हे बघा. रेडिओवरून येत असेल तर सिम लागतच नाही. कित्येकदा सिमची जागा टपावरच्या रिसीव्हरमध्येच असते आणि टॅबलेट नुसता पडद्याचं काम करतो. दोन यंत्रं एकाच वेळी एकाच शेतात फिरत असतील आणि "इथलं झालं" हे दुसऱ्याला तिथल्या तिथे कळायला हवं असेल, तर तिथेही जिवंत जोडणी लागते.

मग फोनचं हॉटस्पॉट पुरणार नाही का? एकाच केबिनमध्ये फोन आणि टॅबलेट असतील तर बहुधा पुरेल, फोनला चार्जर लावून ठेवा म्हणजे झालं. अडतं ते माणसांमुळे. फोन ज्याचा, तो बियाणं आणायला गेला की हॉटस्पॉटही त्याच्या खिशातून निघून जातं. चालक बदलला, फोन बदलला, पासवर्ड कुणालाच आठवत नाही. टॅबलेट यंत्रावरच राहत असेल आणि माणसं पाळीपाळीने बसत असतील, तर स्वतःच्या सिमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मला हाच वाटतो.

पण सिम घातलं म्हणून रेंज उगवत नाही. फोन ज्या कोपऱ्यात मुका होतो, तिथे त्याच कंपनीचं सिम घातलेला टॅबलेटही बहुधा मुकाच होईल. म्हणून सिम घ्यायचंच, तर फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचं घ्यावं आणि आधी ते फोनमध्ये घालून शेताच्या चारही टोकांना, केबिनचं दार लावून, तपासावं. नुसत्या काड्या मोजू नका. फोनच्या सेटिंगमध्ये डीबीएमचा, म्हणजे संकेताची ताकद सांगणारा, आकडा दिसत असेल तर तो टिपून ठेवा. उणे ८५ वरून तो उणे ९५ झाला, तर संकेताची ताकद दहापट घटलेली असते.

निर्णय होत नसेल तर हंगामातला एक दिवस निवडा. सकाळी नकाशे उतरवून घ्या, टॅबलेटचा विमान मोड चालू करा, स्थान आणि बाहेरचा रिसीव्हर असेल तर ब्लूटूथ तेवढं चालू ठेवा, आणि नेहमीसारखं काम करा. जिथे अडेल तिथे कागदावर वेळ आणि काम लिहा. संध्याकाळी कागद कोरा असेल, तर सिम घेऊ नका. त्यावर दोनच ओळी असतील आणि दोन्ही हवामानाच्या असतील, तर फोन आहेच. आरटीके किंवा चालकबदल पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर दुसऱ्याच दिवशी घ्या. टॅबलेट सिमच्या मॉडेलचा असेल तर हे नंतर कधीही करता येतं. केवळ वाय-फायच्या मॉडेलमध्ये मोडेमच नसतो, त्यामुळे त्यात ते पुढेही घालता येत नाही.