घरगुती इंकजेट प्रिंटरवरील कृष्णधवल छपाई

रंगीत फोटोंसाठी बनवलेल्या घरच्या इंकजेट प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्या फोटोची रंगाची झाक नसलेली, सावलीतला तपशील राखणारी आणि टिकाऊ प्रिंट काढण्याचे तंत्र. रंगीत फोटोत निळा थोडा जास्त झाला तरी आभाळात किंवा साडीच्या रंगात तो खपून जातो. कृष्णधवल फोटोत अशी लपायला जागा नसते. करड्या रंगावर किंचित हिरवट किंवा जांभळट झाक आली तरी डोळा ती लगेच पकडतो. म्हणूनच रंगीत फोटो झकास काढणारा प्रिंटर कृष्णधवल फोटोला पुष्कळदा निराशा करतो. दोष फक्त यंत्राचा क्वचितच असतो. करडा रंग कोणत्या शाईतून तयार होतो आणि तो कोणत्या कागदावर पडतो, या दोन गोष्टी हातात आल्या की मध्यम किमतीच्या प्रिंटरवरही भिंतीवर लावण्याजोगी प्रिंट निघते.

करडा रंग येतो कुठून

इंकजेटला करडी शाई नसेल तर करडा रंग भासवावा लागतो. काळ्या शाईचे ठिपके दाट टाकले की गडद करडा, विरळ टाकले की फिका. गडद भागात हे चालून जाते. पण गालावरच्या उजेडात किंवा ढगांत पांढऱ्या कागदावर सुटे काळे ठिपके उघडे पडतात आणि प्रिंट रवाळ दिसते. हे टाळण्यासाठी प्रिंटर फिका करडा रंग निळसर सायान, मॅजेंटा आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून घडवतो. ठिपके दिसेनासे होतात, पण तिथेच नवे दुखणे सुरू होते. तिन्ही शायांचा तोल जरा ढळला की झाक येते. एखादे नोझल, म्हणजे शाई सोडणारे बारीक छिद्र, अर्धवट तुंबले तरी तेवढे पुरते.

दुसरे दुखणे जास्त फसवे असते. रंगीत शायांतून बनलेला करडा रंग सर्व लहरींचा प्रकाश सारखा परावर्तित करत नाही. त्यामुळे खोलीतल्या एलईडी दिव्याखाली शुद्ध करडी दिसणारी प्रिंट गॅलरीत नेली की हिरवट वाटते, पिवळ्या बल्बखाली तांबूस. या बदलाला मेटामेरिझम म्हणतात. २००० साली आलेल्या एप्सनच्या स्टायलस फोटो २०००पी या पिगमेंट (न विरघळणाऱ्या बारीक कणांच्या) शाईच्या प्रिंटरवर याच कारणाने टीका झाली होती. प्रिंट एकाच दिव्याखाली पाहून रंगांची सेटिंग फिरवत बसणे हा यावरचा उपाय नव्हे. मिश्रणातला रंगीत शायांचा वाटा कमी करणे हाच खरा उपाय, आणि गेल्या पाव शतकातली या क्षेत्रातली प्रगती मुख्यतः त्याच दिशेने झाली आहे.

काळ्या शाया वाढत गेल्या

या छपाईचा उगम घरात झाला नाही. संगीतकार ग्रॅहम नॅश यांना स्वतः टिपलेल्या कृष्णधवल फोटोंच्या मोठ्या प्रिंट्स हव्या होत्या. त्यासाठी त्यांनी आयरिस ३०४७ हे छपाईधंद्यात रंगांचे नमुने काढण्यासाठी वापरले जाणारे महागडे इंकजेट यंत्र कामाला लावले आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच येथे ‘नॅश एडिशन्स’ ही छपाईशाळा सुरू केली. अमेरिकेच्याच व्हर्मांट राज्यात जॉन कोन यांनी २००० च्या सुमारास ‘पिझोग्राफी’ ही पद्धत आणली. साध्या एप्सन प्रिंटरमधल्या रंगीत शाया काढून त्यांच्या जागी काळ्याच्याच कमीअधिक पातळ केलेल्या शाया भरायच्या, म्हणजे फिका करडा रंगही काळ्याच्या कुळातला येतो.

कंपन्यांनीही तोच धडा गिरवला. एचपीने २००३ मध्ये फोटोस्मार्ट ७९६० सोबत करड्या शायांचे वेगळे कार्ट्रिज दिले. २००५ मध्ये एप्सनच्या आर२४०० मध्ये ‘के३’ शाया आल्या: एक गडद काळी, एक फिकी, एक त्याहून फिकी. त्याबरोबर ड्रायव्हरमध्ये (संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ हा पर्यायही आला, ज्यात रंगीत शाई फक्त छटा देण्यापुरती थेंबभर वापरली जाते. घरगुती कृष्णधवल छपाईचा खरा टप्पा हाच. २०११ च्या कॅनन पिक्समा प्रो-१ मधल्या बारा शायांपैकी पाच काळ्या-करड्या होत्या. भारतात मिळणाऱ्या टाकीवाल्या प्रिंटरांत एप्सन एल८१८० आणि कॅनन जी५७० यांत एक करडी शाई असते. घरात फोटोसाठीच प्रिंटर घ्यायचा असेल तर ठिपका किती सूक्ष्म आहे यापेक्षा ही करडी टाकी आहे की नाही, हे आधी पाहावे.

चार शायांचा प्रिंटर असेल तर

बहुतेक घरांत असतो तो कचेरीच्या आणि शाळेच्या कामासाठी घेतलेला चार शायांचा प्रिंटर. त्यातल्या अनेकांत, उदाहरणार्थ कॅननच्या जी मालिकेतल्या बऱ्याच यंत्रांत, काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात. डाय पाण्यात पूर्ण विरघळते, पिगमेंटचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पिगमेंटची ही काळी शाई चकचकीत कागदाच्या थरावर नीट बसत नाही. म्हणून ड्रायव्हरमध्ये ग्लॉसी फोटो पेपर निवडला की प्रिंटर काळी टाकी बाजूला ठेवतो आणि सगळा काळा रंग तीन रंगीत शायांतून करतो. ‘ग्रेस्केल’वर खूण केली तरी यात फरक पडत नाही. काळ्या केसांत तपकिरी झाक दिसते ती यामुळे. अशा यंत्रावर चांगल्या लेपाचा मॅट (चमक नसलेला) कागद घालून ड्रायव्हरमध्ये साधा कागद, उच्च दर्जा आणि ग्रेस्केल निवडून पाहावे. खरी काळी शाई वापरली जाते, झाक जाते. थोडा रवाळपणा उरतो, पण व्यक्तिचित्राला तो शोभतोही.

कागद

काळा किती काळा होणार, हे शेवटी कागद ठरवतो. हा दाटपणा घनतेच्या मापात मोजतात. कापसाच्या मॅट कागदावर पिगमेंट शाईची घनता साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते. म्हणजे सर्वांत काळा भागही पडलेल्या प्रकाशाचे दोन-अडीच टक्के परत पाठवतो. चकचकीत किंवा बरायटा कागदावर ती २.३ च्या आसपास पोहोचते, म्हणजे परत येणारा प्रकाश अर्धा टक्का. बेरियम सल्फेटचा थर असलेला बरायटा कागद डार्करूममधल्या जुन्या कागदाच्या सर्वांत जवळ जातो. रात्रीचे दृश्य, पावसातला रस्ता, गाभाऱ्यातली मूर्ती असे काळ्यावर उभे असलेले फोटो तिथे खुलतात. धुके आणि वृद्धांचे सुरकुतलेले चेहरे मॅटवर छान येतात. मोठ्या प्रिंटरांत यासाठी फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक अशा दोन काळ्या शाया असतात. त्यांची अदलाबदल केली तर मॅटवर काळा फिका पडतो आणि ग्लॉसीवर शाई हाताला लागते.

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा १८० जीएसएमचा स्वस्त ग्लॉसी कागद पासपोर्ट फोटोला ठीक आहे. अतिशुभ्र दिसणाऱ्या कागदांत बहुधा प्रकाश उजळवणारी रसायने असतात. ती काही वर्षांत क्षीण होतात आणि कागद पिवळट पडतो. जतन करायच्या प्रिंटसाठी किंचित मलईदार पांढरा, अशी रसायने नसलेला कागदच घ्यावा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, उघडा राहिलेला कागद दमट होऊन कडेला उचलतो आणि छपाईचे हेड त्या कडेला घासून काळा फराटा उमटतो. पाकिटातून लागेल तेवढाच कागद काढावा.

फोटोची तयारी

रंगीत फोटोतला रंग नुसता काढून टाकणे ही सर्वांत वाईट पद्धत. लाल साडी आणि हिरवा ब्लाउज रंगीत फोटोत कितीही वेगळे असले तरी रंग काढताच दोन्ही एकाच करड्या रंगाचे होऊ शकतात. लाल, हिरवा आणि निळा यांचा वाटा वेगवेगळा ठरवणारे साधन बहुतेक सर्व फोटो-सॉफ्टवेअरमध्ये असते. लाल वाढवला की त्वचा उजळते, डाग मवाळ होतात आणि निळे आभाळ गडद होते. निळा वाढवला की त्वचेवरचा प्रत्येक व्रण बोलू लागतो.

घरच्या जुन्या फोटोंना हीच युक्ती फार उपयोगी पडते. आजी-आजोबांचा स्टुडिओतला, पिवळे डाग पडलेला फोटो स्कॅन करताना कृष्णधवल नव्हे, तर रंगीत स्कॅन करावा. मग लाल, हिरवी आणि निळी या तिन्ही वाहिन्या वेगळ्या पाहाव्यात. पिवळसर-तपकिरी डाग निळ्या वाहिनीत ठळक आणि लाल वाहिनीत सर्वांत फिके असतात. फक्त लाल वाहिनी ठेवली की दुरुस्तीचे अर्धे काम आपोआप होते.

ए४ आकाराला इंचाला ३०० बिंदूंच्या हिशेबाने २४८० × ३५०८ बिंदू लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलही नाहीत; मोबाइलचा फोटोही पुरतो. अडचण वेगळीच असते. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून फोटो दुरुस्त केला की प्रिंट काळवंडलेली निघते, कारण कागद स्वतः उजेड देत नाही. चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला एवढाच उजेड ठेवावा. मोजायचे यंत्र नसेल तर पडद्याशेजारी चांगल्या उजेडात कोरा कागद धरून दोन्ही पांढरे सारखे भासेपर्यंत उजेड उतरवावा.

चाचणीपट्टी

या कामात सर्वांत जास्त शाई वाचवणारी गोष्ट म्हणजे २१ चौकोनांची पट्टी: शून्य टक्के काळ्यापासून शंभरपर्यंत, प्रत्येक चौकोन पाच टक्क्यांनी गडद. ठरलेल्या कागदावर ठरलेल्या सेटिंगने ती छापावी, डाय शाई असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्यावी आणि दिवसा खिडकीशी पाहावी. ९०, ९५ आणि १०० हे चौकोन एकमेकांत मिसळले असतील तर फोटोतल्या काळ्या कोटाच्या घड्या आणि केसांच्या बटाही तशाच बुडणार. मग कर्व्हने (फोटोतला उजेड-अंधार भागवार बदलणाऱ्या साधनाने) फक्त सावलीचा भाग उचलावा. सगळा फोटो उजळू नये, नाहीतर तो राखेसारखा होतो. पट्टीच्या मध्यात झाक असेल तर शाईच्या मिश्रणात गडबड आहे. एखाद्याच चौकोनात असेल तर आधी नोझल तपासावे.

ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार योग्य निवडणे सर्वांत महत्त्वाचे, कारण किती आणि कोणती शाई पडणार हे त्यावरच ठरते. रंगव्यवस्थापन एकाच ठिकाणी ठेवावे: सॉफ्टवेअरमध्ये कागदाचे प्रोफाइल (त्या कागदावर शाईचे रंग कसे उमटतात याची फाइल) लावले असेल तर ड्रायव्हरमधले बंद हवे. दोन्हीकडे चालू राहिले की जांभळट, जड प्रिंट निघते. अधिक खोलात जाणाऱ्यांसाठी रॉय हॅरिंग्टन यांचे ‘क्वाडटोन रिप’ हे सॉफ्टवेअर आहे. ते एप्सनच्या निवडक प्रिंटरांत प्रत्येक शाईचा वाटा स्वतंत्रपणे ठरवू देते आणि पट्टीची मापे घेऊन पायऱ्या समान अंतरावर आणते.

यंत्राची आणि प्रिंटची निगा

प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावा. भिंतीवरच्या बोर्डाचे बटण दाबून बंद केला तर हेड झाकणाखाली परत न जाता उघडे राहू शकते आणि शाई नोझलमध्ये सुकते. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. आठवड्यातून एखादी छोटी प्रिंट काढणे हे वारंवार हेड साफ करण्यापेक्षा स्वस्त पडते, कारण सफाईतली सगळी शाई वाया जाते. स्वस्त पर्यायी शाई भरली की कंपनीच्या शाईवर बेतलेली प्रोफाइल्स निरुपयोगी होतात. कृष्णधवल फोटोत हा फरक पहिल्याच प्रिंटला दिसतो.

टिकाऊपणात काळ्या पिगमेंटचा हात धरणारी शाई नाही. तिचा आधार कार्बन आहे, आणि जुन्या पोथ्यांच्या शाईतले दिव्याचे काजळही कार्बनच. रंगीत डाय मात्र प्रकाशाने आणि हवेतल्या ओझोनने उडते, तीही प्रत्येक रंगाची वेगळ्या गतीने. त्यामुळे डायच्या मिश्रणातून बनलेली करडी प्रिंट नुसती फिकी न होता रंग बदलते. लगेच सुकणाऱ्या सच्छिद्र थराच्या कागदावर ओझोनचा परिणाम जास्त होतो; अशी प्रिंट उघडी टाचण्यापेक्षा काचेमागे ठेवणे बरे. फ्रेम करण्याआधी प्रिंट काही दिवस मोकळी सुकू द्यावी, कारण शाईतले द्रावक हळूहळू बाहेर पडतात आणि काचेच्या आतल्या बाजूला धुके धरतात. काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंटबोर्डाची फट ठेवावी, आणि फ्रेमला थेट ऊन न लागणारी भिंत निवडावी.