निरोप्या एकच कशाला हवा?

2022 सालची दिवाळी आठवून पाहा. सोमवारी 24 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं, पाडवा आणि भाऊबीज दोन्ही बुधवारी होते, आणि मधल्या मंगळवारी संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. त्याच मंगळवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं आणि जवळजवळ दोन तास बंदच राहिलं. फोन ठीक होते, इंटरनेट ठीक होतं, मोबाइलचे टॉवरही चालू होते. एका कंपनीची यंत्रणा अडखळली आणि तेवढ्यानं वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर निरोप जाईना.

ईमेलच्या बाबतीत असं होत नाही. रेडिफमेलचा सर्व्हर पडला तर रेडिफमेलवाल्यांची अडचण होते, जीमेलवाले आपापली कामं करत राहतात. आणि दोन्ही चालू असले, की इकडची मेल तिकडे जाते. कुणी कुणाची परवानगी काढत नाही. कारण मेल कशी पाठवायची याचे नियम सगळ्यांसाठी खुले आहेत. टपालाचंही हेच. 1874 पूर्वी प्रत्येक देशाला दुसऱ्या प्रत्येक देशाशी टपालाचा वेगळा करार करावा लागे. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात सगळ्यांसाठी एकच करार झाला आणि पत्र कुठूनही कुठेही जायला लागलं. मग फोनवरच्या गप्पांनाच एका कंपनीचं कुंपण का?

हा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वीही विचारला गेला होता. 1999 साली मायक्रोसॉफ्टनं आपला मेसेंजर आणला आणि तो एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या मेसेंजरवरच्या लोकांशी बोलू शकेल अशी सोय केली. एओएलनं ती वाट बंद केली, मायक्रोसॉफ्टनं दुसरी काढली, एओएलनं तीही बुजवली. हे महिनोन् महिने चाललं. समोरचा खरा एओएलचाच ग्राहक आहे का, हे ओळखण्यासाठी एओएलनं शेवटी स्वतःच्याच सॉफ्टवेअरमधल्या एका सुरक्षेच्या खोटीचा उपयोग केला. मायक्रोसॉफ्टनं मग नाद सोडला. भांडण दोन कंपन्यांचं होतं, पण ज्यांचे मित्र पलीकडच्या मेसेंजरवर होते, ते तिथेच अडकले.

त्याच वर्षी, जानेवारीत, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या जेरेमी मिलर या तरुणानं जॅबर नावाचा प्रकल्प जाहीर केला होता. कल्पना अशी: निरोप कसा लिहायचा आणि कसा पोचवायचा याचे नियम उघड ठेवायचे, सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट वाटायचं, आणि ज्याला वाटेल त्यानं आपला सर्व्हर चालवायचा. पत्ता ईमेलसारखाच, आधी नाव, मग @, मग सर्व्हर. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेनं ते नियम एक्सएमपीपी या नावानं अधिकृतपणे प्रसिद्ध केले. ते आजही कुणीही वाचू शकतं, आणि वाचून स्वतःचा सर्व्हर लिहूही शकतं.

निरोप जातो कसा, ते जवळून पाहण्यासारखं आहे. माझा मावसभाऊ जर्मनीत, स्टुटगार्टला असतो. त्याचं खातं तिथल्या एका सार्वजनिक सर्व्हरवर आहे, माझं मी चालवत असलेल्या सर्व्हरवर. मी त्याला ‘जेवलास का?’ असं लिहितो, तेव्हा माझ्या फोनची आणि माझ्या सर्व्हरची जोडणी आधीपासूनच उघडी असते. ही जोडणी म्हणजे एक्सएमएल या, माहितीला खुणा घालून लिहिण्याच्या भाषेतला एकच लांबलचक कागद. फोन जोडला गेला की तो उघडतो आणि जोडणी बंद होताना त्यावर शेवटची खूण पडते. मधल्या सगळ्या गप्पा म्हणजे त्या एकाच कागदावरच्या नोंदी. नोंदींचे प्रकार तीनच: निरोप, हजेरी आणि विचारणा. मला ही रचना अतिशय सुंदर वाटते.

माझा सर्व्हर पत्त्यातला @ च्या पुढचा भाग वाचतो, त्या नावाचा सर्व्हर कुठे आहे हे डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीला, विचारतो आणि 5269 क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या प्रवेशद्वारावर, जाऊन त्याचं दार ठोठावतो. तिकडचा सर्व्हर ओळख विचारतो, प्रमाणपत्र तपासतो आणि मगच निरोप हातात घेतो. यात एक कडक नियम आहे. कुठलाही सर्व्हर फक्त आपल्या नावाखालच्या माणसांच्या वतीनंच बोलू शकतो. माझा सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरवरच्या कुणाचं नाव घालून निरोप देऊ लागला, तर समोरचा तो घेत नाही. दुसऱ्याच्या नावानं पाठवलेल्या खोट्या मेलचा उपद्रव ईमेलला वर्षानुवर्षं झाला. ती वाट इथे सुरुवातीलाच बंद केली आहे.

हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे सर्व्हर. त्यातलं ईजॅबरडी हे अलेक्सेय श्चेपिन यांनी 2002 च्या नोव्हेंबरमध्ये लिहायला घेतलं, तेही अर्लांग या भाषेत. अर्लांग जन्माला आली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत, टेलिफोन एक्स्चेंजसाठी. एक्स्चेंजमध्ये एकाच वेळी हजारो फोन चालू असतात, एक तुटला म्हणून बाकीचे तुटून चालत नाहीत, आणि दुरुस्तीसाठी एक्स्चेंज बंदही ठेवता येत नाही. म्हणून अर्लांगमध्ये प्रत्येक संभाषणाला स्वतःची छोटी, स्वतंत्र प्रक्रिया मिळते. ती कोसळली तर तेवढीच कोसळते आणि तिच्यावर नजर ठेवणारी दुसरी प्रक्रिया तिला पुन्हा उभी करते. लाखो माणसांच्या गप्पांनाही नेमकं हेच लागतं.

म्हणूनच 2009 साली सुरू झालेल्या व्हॉट्सअ‍ॅपनं आपल्या यंत्रणेचा पाया म्हणून ईजॅबरडी घेतलं. त्यात पुढे पुष्कळ बदल केले, आणि 2012 साली एकेका सर्व्हरवर वीस लाख जोडण्या पेलल्याचं जाहीर केलं. 2014 साली फेसबुकनं ही कंपनी 19 अब्ज डॉलरला घेतली तेव्हा तिचे वापरकर्ते 45 कोटींच्या घरात होते आणि इंजिनिअर अवघे बत्तीस. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या फोनमधलं ते कुंपण खुल्या विटांनी बांधलेलं आहे. बांधताना फक्त दुसऱ्या सर्व्हरकडे उघडणारं दार ठेवलं नाही.

गूगलनं ते दार आधी उघडलं होतं. 2005 साली आलेलं गूगल टॉक एक्सएमपीपीवरच चालायचं आणि 2006 च्या जानेवारीपासून ते बाहेरच्या सर्व्हरशीही बोलू लागलं. मला तो काळ आठवतो. जीमेलच्या कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्यांत भलत्याच सर्व्हरवरचे मित्र दिसायचे. पण सर्व्हर-सर्व्हरमधल्या जोडण्यांना कूटबद्ध करायचं काम गूगलनं कधी केलं नाही, आणि 2013 साली हँगआउट्स आलं तेव्हा त्यात बाहेरच्यांना जागा नव्हती. छोट्या सर्व्हरवरची माणसं आपल्या जीमेलवाल्या मित्रांना एकाएकी दिसेनाशी झाली. नियम खुले असले, तरी बहुतेक लोक एकाच घरात राहत असतील तर त्या घरमालकाच्या मर्जीवर बाकी वस्ती अवलंबून राहते, ही गोष्ट तेव्हा फार स्पष्ट दिसली.

एक्सएमपीपीच्या बाजूनंही उणिवा होत्या, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. ते टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी घडलेलं होतं. पुणे-मुंबई प्रवासात गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात शिरली की फोनची जोडणी तुटते. त्या क्षणी वाटेत असलेला निरोप पूर्वी सरळ हरवायचा. आता दोन्ही बाजू आलेल्या नोंदी मोजत राहतात. बोगद्यातून बाहेर आल्यावर फोन म्हणतो, ‘माझ्याकडे चाळिसाव्यापर्यंत पोचलं’, आणि सर्व्हर एक्केचाळिसाव्यापासून पुन्हा देतो. निरोप सगळ्या उपकरणांवर दिसणं, जुन्या गप्पांचा साठा सर्व्हरवर राहणं, फक्त दोघांनाच वाचता येईल असं ओमेमो नावाचं कूटलेखन, हे सगळं असंच एकेक पुरवणी जोडून आलं. अशा पुरवण्या आज चारशेहून जास्त आहेत. मात्र तुमचं ऍप आणि समोरच्याचं ऍप त्यातल्या सारख्याच पुरवण्या जाणत असेल, तरच गाडी नीट चालते.

माझा सर्व्हर प्रॉसडी या सॉफ्टवेअरवर चालतो. ते लुआ भाषेत लिहिलेलं आहे आणि तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय कॉम्प्युटरवरही आरामात चालतं. म्हणून तो घरीच ठेवायचा बेत होता. पण घरच्या ब्रॉडबँडवाल्यांनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता दिलेला निघाला. बाहेर जाता येतं, पण बाहेरून येणाऱ्याला माझं दारच सापडत नाही. शेवटी भाड्यानं सर्व्हर घेतला. तीन महिने सुरळीत गेले आणि मग मावसभावाचा फोन आला, ‘काय रे, रागावलास का? दोन दिवस उत्तर नाही.’ नव्वद दिवसांची मुदत असलेलं प्रमाणपत्र संपलं होतं. नवं आपोआप आलं होतं, पण ते प्रॉसडीच्या हाती द्यायची आज्ञा लिहायची राहिली होती. जर्मनीतल्या सर्व्हरनं नियमानुसार जोडणी नाकारली. एका ओळीनं काम झालं. पण सर्व्हर आपला म्हटलं की त्याची राखणही आपल्याकडे येते, हे तेव्हा नीट कळलं. ज्यांना ती नको, त्यांनी ओळखीच्या किंवा विश्वासाच्या सर्व्हरवर खातं उघडावं. तीच तर यातली मोकळीक आहे.

याच वाटेवरचं दुसरं मानक म्हणजे 2014 साली आलेलं मॅट्रिक्स. एक्सएमपीपीत निरोप एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जातो. मॅट्रिक्समध्ये गप्पांची खोली त्यात सामील असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर आपली पूर्ण प्रत ठेवते. त्यामुळे खोलीचा मालक असा कुठलाच एक सर्व्हर नसतो. याची किंमतही मोजावी लागते. जागा आणि मेमरी भरपूर लागते. फ्रान्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांचं चाप नावाचं ऍप आणि जर्मन सैन्याचा मेसेंजर मॅट्रिक्सवरच चालतात. या सरकारांना आपल्या माणसांच्या गप्पा परक्या कंपनीच्या सर्व्हरवर नको होत्या. आपल्याकडे उलट, 2023 च्या मे महिन्यात सुरक्षेच्या कारणावरून 14 मेसेजिंग ऍपवर बंदी आल्याच्या बातम्या आल्या आणि त्यात मॅट्रिक्सवर चालणारं एलिमेंट होतं. मानकावर बंदी घालणं मात्र वेगळं. तेच खातं दुसऱ्या ऍपमधून उघडतं.

2025 च्या सप्टेंबरमध्ये मॅट्रिक्सच्या सगळ्यात मोठ्या सर्व्हरच्या डिस्क बिघडल्या आणि 55 टेराबाइटचा डेटाबेस पुन्हा उभा करावा लागला. तो सर्व्हर जवळपास एक दिवस बंद होता. त्यावरची माणसं अडकली, आणि ती थोडी नव्हती. बाकीच्या सर्व्हरवरच्या खोल्यांत गप्पा चालू राहिल्या.

युरोपात 2024 च्या मार्चपासून कायद्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर बंधन आलं आहे: दुसऱ्या सेवेनं मागणी केली तर तिला दार उघडायचं. मात्र दार कसं असेल, हे व्हॉट्सअ‍ॅपच ठरवतं. बर्नच्या करारापूर्वीच्या टपालासारखं, प्रत्येकानं वेगळा करार करायचा. भारतात तेवढंही नाही.

गेल्या महिन्यात मावशीसाठी माझ्या सर्व्हरवर खातं उघडलं. एक्सएमपीपीच्या पत्त्याला देवनागरी चालते, आणि डॉट भारत हे डोमेन 2014 पासून मिळतं. त्यामुळे तिचा पत्ता अगदी सरळ झाला: मावशी, मग @, मग आमच्या आडनावाचं डॉट भारत. तिनं चष्मा लावून तो दोनदा वाचला. ‘यात इंग्रजी अक्षर एकही नाही?’ एवढ्यात स्टुटगार्टहून तिच्या लेकाचा निरोप त्याच पत्त्यावर आला, ‘आई, जेवलीस का?’