लांबच्या विमानप्रवासानंतर मालिशला येताय? आधी एवढं वाचा

अमेरिकेहून, लंडनहून परत येताना बरेच जण विमानतळावरूनच आम्हाला फोन करतात, उद्या सकाळी सोलापुरात पोचतोय, आल्या आल्या फुल बॉडी मसाज लावून ठेवा, अंग नुसतं आंबून गेलंय. आम्ही दरवेळी एकच सांगतो, या, जरूर या, पण पहिल्या दिवशी फुल बॉडी नको आणि वाफ तर नकोच. काही जणांना वाटतं आम्ही टाळतोय. तसं नाही, त्याचं कारण सांगतो.

आपल्या सोलापूरकरांचा प्रवास विमान उतरलं की संपत नाही. मुंबईला उतरलात तर पुढे 400 किलोमीटर, हैदराबादला उतरलात तर 300, मग ट्रॅव्हल्स, नाहीतर भाड्याची गाडी, नाहीतर सिद्धेश्वर एक्स्प्रेस. म्हणजे विमानात पंधरा-सोळा तास बसून वर परत सात-आठ तास पाय लोंबकळतच. त्यात विमानातली हवा फार कोरडी असते, ओलावा 20 टक्क्यांच्याही खाली जातो, आणि आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो (आपलं महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, यावरून अंदाज घ्या). ओठ फुटलेत, पाणी कमी प्यायलंय, झोप नाही, अशा शरीराला वाफेच्या पेटीत बसवलं की घाम जाऊन बीपी खाली येतं आणि उठताना चक्कर येते. पंचेचाळीसच्या माणसाला येते तिथं सहा महिने नातवंडं सांभाळून आलेल्या आजी-आजोबांचं काय होईल.

मग पहिल्या दिवशी आम्ही काय करतो? आल्यावर आधी पाणी किंवा ताक, मीठ-जिरं घालून. दहा मिनिटं पाय उंच ठेवून नुसतं पडायचं, सोलापुरी चादर अंगावर घेऊन, मोबाईल बाजूला. मग कोमट पाण्यात पाय, आणि इथं शुगर असलेल्यांनी आधी सांगायचंच, कारण तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर पाणी चटका देण्याइतकं गरम आहे हे कळतच नाही, म्हणून पाणी किती गरम ते आमच्या मावशी स्वतःच्या कोपराने बघतात. त्यानंतर काशाच्या वाटीने तळपाय, थोडं तूप लावून, सावकाश. शेवटी डोक्याला आणि मानेला हलक्या हाताने तेल. सगळं मिळून पाऊण तास. पुष्कळ जण मधेच झोपतात, आम्ही उठवत नाही, मात्र दुपार असेल तर अर्ध्या तासाने उठवतो, नाहीतर रात्री परत डोळे टक्क उघडे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हात लावायच्या आधी आम्ही दोन्ही पाय बघतो. लांब प्रवासानंतर दोन्ही घोटे सारखेच थोडे सुजले असतील तर ते बहुतेक वेळा एक-दोन दिवसात चालून फिरून उतरतं. पण एकच पाय सुजलाय, पोटरी दुखतीय, तिथं गरम लागतंय किंवा लाल झालंय, तर आम्ही मालिश करत नाही, कितीही आग्रह केला तरी नाही. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसल्यावर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ होण्याची शक्यता वाढते, ती चोळल्यामुळे सुटून फुफ्फुसात जाऊ शकते आणि ते जिवावर बेततं. अशा वेळी आधी डॉक्टर. आणि दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थांबायचंच नाही, सरळ दवाखान्याची इमर्जन्सी गाठायची. हे लगेच दुसऱ्या दिवशीच होतं असं नाही, पुढच्या काही आठवड्यांतही होऊ शकतं, म्हणून लक्ष ठेवा.

सगळं ठीक असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिळाच्या तेलाचा अभ्यंग करू, मग हवी तर थोडी वाफ. त्या दिवशी जड जेवून येऊ नका, भाकरी-भाजी खाऊन दोन तासांनी या.

झोपेचं मात्र मालिशने पूर्ण जमत नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. न्यूयॉर्कपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा, आणि शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या हिशोबाने सरकतं, त्यामुळे आठ-दहा दिवस वेळी-अवेळी झोप येणार हे धरून चला. जेवण पहिल्या दिवसापासून इथल्या वेळेला, दुपारनंतर चहा-कॉफी बंद, आणि दिवसा डोळ्याला बाहेरचा उजेड. तलावाला एक चक्कर मारा, उन्हाळा असेल तर ऊन्हात नको, व्हरांड्यात सावलीत बसलात तरी घरातल्या ट्यूबपेक्षा तो उजेड कितीतरी जास्त असतो. लंडनहून आला असाल तर पहिले एक-दोन दिवस पहाटे फिरायला जायची घाई नको, दहाच्या सुमाराचा उजेड घ्या, कारण तिकडच्या हिशोबाने आपली पहाट म्हणजे मध्यरात्र, आणि त्या वेळेचा उजेड घड्याळ उलटं मागे ढकलतो.

फोन करताना एवढं सांगा: किती तासांचा प्रवास झाला, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का (असेल तर जोर लावला की काळेनिळे डाग पडतात), बीपी-शुगर, अलीकडे काही ऑपरेशन, आणि गरोदर असाल तर तेही. बायकांसाठी मावशी आणि पुरुषांसाठी दादा असे वेगळे लोक आहेत. येताना ढगळे कपडे घाला आणि घरून निघायच्या आधी मोजे काढून दोन्ही पोटऱ्या एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक वाटला तर इकडे यायच्या आधीच फोन करा.