कोलोराच्या गुरांना काय झालं होतं?

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात, हिंदी महासागराच्या काठी कोलोरा ही खोसा या मूळ आफ्रिकी लोकांची छोटीशी वस्ती आहे. १८५६ मध्ये इथल्या नदीकाठी नोंगकावुसे या कोवळ्या वयाच्या मुलीला पूर्वज दिसले. सगळी गुरं बाटली आहेत, ती मारा, धान्य टाकून द्या, पेरणी करू नका. मग मेलेले उठतील, नवी गुरं येतील, असा त्यांचा निरोप तिने आणला. खोसांचा राजा साखिली याने तो मानला. सुमारे चार लाख गुरं गेली आणि अंदाजे चाळीस हजार माणसं अन्नावाचून मेली.

अंधश्रद्धा म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण आधी गुरांच्या वाड्यात डोकवावं.

१८५३ मध्ये युरोपातून आणलेल्या बैलांबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या मोसेल बे बंदरात गुरांच्या फुफ्फुसांच्या रोगाची एक साथ उतरली. आजारी जनावर मान पुढे ताणून, पुढच्या पायांची कोपरं बाहेर फाकवून उभं राहतं आणि श्वासागणिक कण्हतं. मेल्यावर छाती उघडली की पिवळसर पाणी निघतं, आणि फुफ्फुस संगमरवरासारखं रेघारेघांचं, घट्ट झालेलं दिसतं. खरी मेख पुढेच आहे. वाचलेल्या काही जनावरांत मेलेल्या फुफ्फुसाचा तुकडा कोशात बंद होऊन राहतो, त्यात जंतू महिनोन् महिने जिवंत असतात. म्हणजे गाय वरून ठणठणीत, आतून रोगी! धडधाकट दिसणारी गुरंही बाटलेली आहेत, हे भाकितातलं म्हणणं पशुपालकांना पटलं यात मला तरी नवल वाटत नाही.

बेल्जियमच्या विलेम्स या डॉक्टरने १८५२ मध्येच रोगी फुफ्फुसातला द्रव रोग टाळण्यासाठी निरोगी गुरांच्या शेपटीत टोचायची युक्ती मांडली होती. जंतू मात्र सापडला १८९८ मध्ये. १८५९ मध्ये हाच रोग अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये शिरला, तेव्हा तिथल्या सरकारनेही कळपच्या कळप मारले. १८९२ पर्यंत अमेरिकेने रोग हटवला तो मुख्यतः कत्तलीनेच. फरक एवढाच, की तिथे कोणी कणग्या रिकाम्या केल्या नव्हत्या आणि नांगर थांबवले नव्हते.

इकडे खोसांच्या दुष्काळाचा फायदा केप या ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर जॉर्ज ग्रे याने उठवला. भुकेल्या खोसांना मजूर म्हणून केप वसाहतीत धाडलं आणि त्यांच्या जमिनींवर गोरे वसवले. गुरांचा रोग मात्र तिथेच मुरला. दक्षिण आफ्रिकेतून तो हटायला १९२४ साल उजाडलं.